बाबांच्या कानावर

शिडाला ठिगळ लावायचं राहून गेलंय, हे निबाल्दोच्या लक्षात आलं तेव्हा सगळं घर अंगणात येऊन उभं होतं आणि वारा सुटायला लागला होता.

सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे कबरींवर फुलं वाहायच्या सणाला, बारासा कुटुंब सांता ओल्गाला जायचं ते शिडाच्या ट्रॉलीवरून. पोसो सेको जंक्शनपासून निघालेला रेल्वेचा फाटा वाळवंटातून चढत चढत सांता ओल्गाच्या सोरा काढायच्या कारखान्यापाशी संपायचा. कारखाना बंद पडून जमाना झाला. लोकांनी दारं नेली, खिडक्या नेल्या, चर्चची घंटासुद्धा कोणीतरी नेली. दफनभूमी तेवढी कोणाला नेता आली नाही, आणि तिथे बाबा होते. वर जायला दुसरा रस्ता नव्हता. दुपारनंतर समुद्राकडून वारा चढायचा, तो शिडात भरून घ्यायचा आणि वर जायचं. संध्याकाळी उतार घरी आणून सोडायचा. फक्त ब्रेक धरायला एक शहाणा माणूस लागायचा, आणि बाबा गेल्यापासून तो शहाणा माणूस म्हणजे त्यांचा थोरला मुलगा निबाल्दो.

"शहाण्या माणसाने यंदा फाटकं शीड आणलंय," ओतिलिया म्हणाली. ही निबाल्दोच्या पाठची बहीण, बंदरगावात राहणारी. तिच्या जिभेची धार वयाबरोबर कमी होईल असं तिच्या नवऱ्याला लग्नात सांगण्यात आलं होतं.

"लावतो ना ठिगळ. एवढं काय."

"दे इकडे," आई म्हणाली. तिने, म्हणजे दोन्या रोसेंदाने, पिठाच्या पोत्याचा एक तुकडा कापला, ट्रॉलीच्या फळीवर बसली आणि चष्मा नाकावर ओढून टाके घालायला लागली. "तुझं लक्ष कुठे असतं रे हल्ली?"

"कुठे नाही, आई."

"तेच म्हणते मी. कुठेच नसतं."

खरं तर त्याचं लक्ष एकाच ठिकाणी होतं आणि महिनाभर तिथून हललं नव्हतं. बंदरातल्या एका भंगारवाल्याने सांता ओल्गाचा फाटा रेल्वेकडून विकत घेतला होता, रूळ, खिळे, पट्ट्या सगळ्यासकट. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. रूळ उखडणाऱ्या टोळीचं मुकादमपण निबाल्दोने कबूल केलंय, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी काम सुरू व्हायचं होतं. तीस वर्षं ज्या लाईनीची बाबांनी देखभाल केली, ती त्यांचाच मुलगा उपटणार. हे आईला आज त्याच्याच तोंडून कळायला हवं होतं, नाहीतर सोमवारी किराण्याच्या दुकानात दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं असतं. आईला ते कसं सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं. पण बाबांना सांगता येणार होतं.

बाबांच्या कानावर घालणं हा बारासांचा रिवाज होता. कबरीपाशी उभं राहून वर्षभरात काय झालं ते मोठ्याने सांगायचं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं. थाप मारायची नाही. मधे बोलायचं नाही. आणि जे कानावर पडलं त्याबद्दल ट्रॉली परत अंगणाला लागेपर्यंत एक अक्षर काढायचं नाही. हा शेवटचा नियम आईने मागाहून घातला. पहिल्याच वर्षी ओतिलियाने वेन्सेस्लाओशी लग्न ठरल्याचं बाबांना सांगितलं तेव्हा धाकटा भाऊ फिस्सकन हसला, आणि मग कबरींमधून जी पळापळ झाली तीत शेजारच्या एका सभ्य गृहस्थाचा क्रूस मोडला. निबाल्दोला तो नवा करून द्यावा लागला होता.

"झालं," आईने दोरा दातांनी तोडला. "बसा आता. फुलं कोणाकडे आहेत?"

फुलं वेन्सेस्लाओच्या मांडीवर होती, दोन खोके भरून. पत्र्याची फुलं. तिथे वर खरं फूल दिवसभर टिकत नाही आणि कागदाचं महिनाभर. म्हणून आई वर्षभर तेलाचे आणि दुधाचे डबे कापून पाकळ्या करायची, रंगवायची, तारेत ओवायची. बाबांच्या क्रुसावर घालायला फुलांचं एक मोठं कडं, आणि त्यांच्या रांगेतल्या प्रत्येक शेजाऱ्याला एक एक फूल, कारण बाकीच्या घरांची माणसं यायची केव्हाच बंद झाली होती.

शीड फुगलं, ट्रॉली करकरली आणि हलली.

धाकट्या भावाचं नाव एवारिस्तो, पण सगळे त्याला फ्लाको म्हणायचे. फ्लाको म्हणजे काटकुळा. लहानपणी तो होताही तसा. आता तो बसला की ट्रॉली त्या बाजूला दबायची, तरी नाव तेच राहिलं. बंदरातल्या शाळेत तो इतिहास शिकवायचा आणि शाळा सुटल्यावरही शिकवायचा थांबायचा नाही.

"आम्ही मंत्र्याला भेटणार आहोत," तो म्हणाला. "हा फाटा म्हणजे राष्ट्राचा वारसा आहे. असा भंगारात घालता येत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?" ओतिलियाने विचारलं.

"समिती."

"किती जण आहात?"

"सध्या तीन."

"त्यातला एक मागच्या महिन्यात वारला ना?"

"म्हणून तर सध्या म्हटलं. आधी चार होतो."

"मंत्री घाबरून जाईल," ओतिलिया म्हणाली. "तुम्ही बसा वारसा करत. मी सरळ सांगते. रूळ गेले की इथे यायचं कसं? आईला काय चालवत आणायचं ह्या उन्हातून? बाबांना खाली आणू. बंदरात समुद्रासमोर दफनभूमीच्या भिंतीत कोनाडे आहेत, तिथे चांगली जागा आहे. वेन्सेस्लाओने बघून ठेवलीय."

"बघितलीय," वेन्सेस्लाओ म्हणाला.

"बाबांना दमट हवा सोसायची नाही," फ्लाको म्हणाला. "बंदरात दोन दिवस राहिले की गुडघे धरून बसायचे."

"आता कुठले गुडघे?"

"ओतिलिया," आई म्हणाली, आणि तेवढ्यावर तो विषय मिटला.

वेन्सेस्लाओने दोघांकडे बघितलं. "दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. सासरी त्याचं एवढं चांगलं निभावलं ते ह्या एका वाक्यावर.

"आणि उखडायला माणूस कोण मिळतो ते बघायचंय मला," फ्लाको परत पेटला. "बाहेरचा आला तर समजू शकतो. पण आपल्या गावातला कोणी असेल ना, तर त्याला आईबापांनी रस्त्यावरून उचलून आणलेलं असणार."

निबाल्दोने शिडाची दोरी उगाच ओढली. ट्रॉलीला हिसका बसला.

"सांभाळून," आई म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून ह्या ट्रॉलीचा भरवसा नाही."

तो पहिला दिवस सगळ्यांना पाठ होता. सांता ओल्गाच्या चर्चमध्ये आईबाबांचं लग्न लागलं आणि क्लोदोमिरो बारासा नव्या नवरीला ह्याच ट्रॉलीवरून खाली घेऊन निघाला. गाढवाच्या वळणापर्यंत शहाण्यासारखा ब्रेक धरून आला. वळणाच्या पुढे जंक्शनपर्यंत लाईन सरळ सुतात आहे. तिथे त्याच्या अंगात आलं आणि त्याने ब्रेक सोडला. नवरीच्या डोक्यावरची जाळी उडाली, आणि नवरी "धर, धर" असं घर येईपर्यंत ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी तो लाईन तपासायला गेला तेव्हा जाळी त्याला रुळांच्या मधे सापडली. झटकून, घडी करून त्याने ती आणून दिली. त्यानंतर दर वेळी खाली येताना आई त्या सरळ पट्ट्यावर "धर, धर" म्हणायची आणि ब्रेक धरणारा धरायचा. बाबाही म्हातारपणी निमूट धरायला शिकले होते.

निम्म्या वाटेवर एका खिंडीत वाळूने रूळ झाकून टाकले होते. शीड उतरवलं. तिघे पुरुष फावडी घेऊन उतरले, म्हणजे निबाल्दो वाळू काढायला लागला आणि दुसरे दोघे ती कशी काढावी ते सांगायला लागले. ओतिलिया पाय मोकळे करायला पुढे गेली आणि थोड्या वेळाने परत आली ती सरळ निबाल्दोपाशी.

"पुढे रुळांवर निळे ठिपके कसले रे?"

"रेल्वेवाल्यांनी केले असतील."

"रेल्वेवाल्यांकडे आईच्या स्वयंपाकघराच्या दाराचा रंग कुठून आला?"

निबाल्दो फावड्यावर रेलला. कोणता रूळ धड आहे आणि कोणता झिजलाय, ह्याच्या खुणा करायला रंग हवा होता. आईच्या पडवीत दाराच्या रंगाचा उरलेला डबा होता. बारासांच्या घरात उघडा डबा असताना नवा आणत नाहीत. दुकानातून कुठलाही दुसरा रंग आणला असता तर आज कोणाला काही कळलं नसतं, हे त्याच्या आत्ता डोक्यात आलं.

"तो डबा वाळूनच चालला होता," तो म्हणाला.

ओतिलियाने त्याच्याकडे बघितलं, मग रुळाकडे, मग परत त्याच्याकडे. तिला कळलं ते त्याला दिसलं. तो शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला.

"तू?" ती एवढंच म्हणाली आणि रुळावर बसली. "फ्लाकोला माहितेय?"

"तो आत्ताच काय म्हणाला, ऐकलंस ना?"

"आईला?"

"आज सांगणार. म्हणजे बाबांना सांगणार."

"आणि आई पाठ फिरवून ऐकणार. वा." तिने वर बघितलं. "का घेतलंस हे काम?"

"तिथेच सांगतो, ओतिलिया. दोनदा सांगायचं बळ नाही माझ्यात."

तिने उठून स्कर्टची वाळू झटकली. मग पुढे येऊन त्याची दुमडलेली कॉलर नीट केली. शाळेत जाताना ती असंच करायची, वयाने लहान असूनही. "मग नीट सांग," ती म्हणाली. "पुटपुटू नकोस. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं."

सगळ्या जगात ह्या बाईकडून निबाल्दोने सहानुभूतीची अपेक्षा केली नव्हती, आणि ती मिळाल्यावर काय करायचं ते त्याला कळेना. तो परत वाळू काढायला लागला.

ट्रॉली परत निघाली. फ्लाकोने उखडणाऱ्याच्या आईबापांचा विषय पुन्हा काढला तेव्हा ओतिलिया म्हणाली, "पुरे. ज्याची गोष्ट त्याला माहीत. तू शीड धर."

"निघाल्यापासून तू माझ्या बाजूने नव्हतीस, पण त्याच्या बाजूनेही नव्हतीस."

"आता आहे."

"कोणाच्या?"

"शीड धर, फ्लाको."

आई पुढे बघत बसली होती. निळे ठिपके एकामागून एक चाकांखाली जात होते. निबाल्दोने तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघितलं. त्यावर उन्हाशिवाय काही नव्हतं.

सांता ओल्गाच्या दफनभूमीत वारा कायम असतो. जुनी पत्र्याची कडी क्रुसांवर खुळखुळत होती, रंग सगळ्यांचा उडालेला. लाईन कुंपणापाशीच संपत होती. शेवटचा रूळ आणि बाबांची कबर ह्यात एक माणूस आडवा झोपेल एवढंच अंतर, आणि बाबांनी ती जागा स्वतः निवडली होती. आई आधी रांगेतल्या शेजाऱ्यांकडे गेली. एकेकाला नावाने हाक मारत, एकेक फूल खोवत. ज्याचा क्रूस मोडला होता त्या सभ्य गृहस्थाला तिने नेहमीप्रमाणे दोन फुलं दिली. मग बाबांचं जुनं कडं काढलं, नवं घातलं, वाळू पुसली.

"चला," ती म्हणाली. "धाकटा आधी."

सगळ्यांनी पाठी फिरवल्या.

फ्लाकोने खाकरून समितीपासून सुरुवात केली. पण त्या जागी थाप चालत नव्हती, आणि ते त्याला पहिल्याच वाक्यानंतर आठवलं. "आम्ही तीन आहोत, बाबा," तो म्हणाला. "त्यातल्या एकाला प्रश्न नीट ऐकू आला नव्हता, त्याने सही करून टाकली. मंत्र्याची भेट ठरलेली नाही. ठरेल असं वाटत नाही. पण काहीच न करता बसवत नाही मला. लहानपणी मी वर्गात सांगायचो, माझ्या बाबांची स्वतःची रेल्वे आहे. मुलं हसायची. मला अजून तसंच वाटतं."

वेन्सेस्लाओने दोन्ही मुलींची शाळा, गाडीचे नवे टायर आणि स्वतःची पाठ, एवढं सांगितलं आणि मान लववून बाजूला झाला.

ओतिलिया पुढे झाली. "जागा बघितलीय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्हाला तिथे करमणार नाही हे मला काय कळत नाही? पण आई वर्षभर डबे कापते. इथे येणं बंद झालं तर ती ते कोणासाठी कापणार? मला त्याची भीती वाटते. बाकी काही नाही. जागेचं सोडा."

मग निबाल्दो.

तो कबरीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याच्यासमोर बाबांचं नाव होतं आणि मागे चार पाठी, त्यातली आईची सगळ्यात लहान.

"बाबा, फाटा विकला गेला," तो म्हणाला. आवाज मोठा आला, त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "सोमवारपासून रूळ काढायचेत. काढणाऱ्या टोळीचा मुकादम मी आहे."

मागे फ्लाकोचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं, आणि लगेच ओतिलियाने त्याला कोपर मारल्याचं.

"दक्षिणेकडची टोळी येणार होती. ते लोक गॅसने रूळ कापतात, उचलतात आणि जातात. रुळांखालचे लाकडी स्लीपर तिथेच, खिळे वर आलेले. मग इथे गाडी काय, खेचरही आलं नसतं. मी त्या भंगारवाल्याला म्हटलं, मी काढतो, पण माझ्या पद्धतीने. स्लीपरही काढणार, खड्डे बुजवणार, खडी सारखी करणार. स्लीपरचं लाकूड विकलं जातं, म्हणून तो हो म्हणाला. म्हणजे रूळ गेले की त्याच जागी रस्ता राहील. वेन्सेस्लाओची गाडी वरपर्यंत चढेल."

"माझी गाडी?" वेन्सेस्लाओ म्हणाला. मग "अं" म्हणाला. ओतिलियाला कोपरं दोन होती.

"मला वाईट वाटतंय, बाबा. फार वाईट वाटतंय. हे खिळे मी तुमच्याबरोबर ठोकलेत. तुम्ही धरायचात आणि मी घण मारायचो. एकदा तुमच्या अंगठ्यावर मारला, तर तुम्ही घरी येऊन सांगितलंत, दारात सापडला. दुसऱ्या कोणी ते उपटलेले मला बघवले नसते. म्हणून मी घेतलं." तो थांबला. पुढचं त्याने कितीदा मनात घोळवलं होतं, पण आता ते सगळं कुठे गेलं होतं कोण जाणे. "लाईन काढताना शेवटच्या टोकापासून सुरुवात करतात, ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे पहिला रूळ हाच, तुमच्या पायापाशी. आवाज होईल. दचकू नका. मीच असेन."

तो बाजूला झाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याने हात खिशात घातले. आता आईची पाळी.

"क्लोदोमिरो," आई म्हणाली, "माझं बरं चाललंय. दात एक गेला. कोंबड्या अंडी घालतात." मग त्याच सुरात, "यंदा माझा निळ्या रंगाचा डबा चोरीला गेला. वाळू नये म्हणून मी त्यावर फडकं टाकलं होतं. चोराने फडक्याची घडी घालून ठेवली. तेव्हाच म्हटलं, चोर घरातला आहे."

निबाल्दोने डोळे मिटले.

"मग मी एक दिवस गाढवाच्या वळणाच्याही पुढे चालत गेले आणि बघून आले. चांगल्या रुळांनाच ठिपके केलेत त्याने. मी कोणाला काही बोलले नाही. तू म्हणायचास ना, ह्या पोराच्या तोंडातून शब्द काढायला पहार लागते. मला बघायचं होतं, पहारीशिवाय बोलतो का. बोलला. तुझ्या समोर बोलला, आणि मोठ्याने बोलला." तिने कड्यातलं एक फूल जरा सरळ केलं. "एवढंच. आणि अंगठ्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं."

बस. बरं केलंस नाही, वाईट केलंस नाही. आईला ठाऊक होतं, एवढं कळलं, पण ठाऊक असलेल्या गोष्टीचं तिला काय वाटलं हे त्यातून काही कळेना. विचारायची सोय नव्हती. नियम होता, आणि नियम आईचाच होता.

कुंपणाच्या आडोशाला बसून त्यांनी चहा घेतला, एम्पानादा नावाच्या खाऱ्या करंज्या खाल्ल्या. एरवी इथे दंगा असायचा. आज सगळे एकमेकांना मीठ आणि ऑलिव्ह पुढे करत होते, पाहुण्यांच्या घरी करतात तसं. फ्लाकोच्या तोंडात सतत घास होता म्हणूनच त्याच्याकडून नियम पाळला गेला. निघायची वेळ झाली तेव्हा मात्र तो निबाल्दोपाशी आला. त्याचे डोळे लाल होते.

"हे त्याबद्दल नाही," तो म्हणाला. "सहज विचारतो. एखादा खिळा माझ्यासाठी ठेवता येईल?"

"हवे तेवढे ठेवतो."

"एक पुरे. वर्गात दाखवायला." मग मान खाली घालून, "मी येताना आईबापांबद्दल जे बोललो ना..."

"ते आपलेच आईबाप होते," निबाल्दो म्हणाला. "मला काही लागलं नाही." ही थाप होती, पण दफनभूमीच्या कुंपणाबाहेर मारलेली, म्हणून चालली.

ट्रॉली उताराला लागली. वारा पडला होता, डोंगर तांबडे झाले होते. निबाल्दो ब्रेकवर, त्याच्या शेजारी आई, मागे बाकीचे. वर जाताना फ्लाको टोकाला बसला होता. आता तो येऊन निबाल्दोच्या पाठीला पाठ लावून बसला, थंडी वाजते म्हणून. चाकं प्रत्येक सांध्यावर ठोका देत होती, आणि निबाल्दो त्या प्रत्येक सांध्याला ओळखत होता. हा सैल आहे, हा बाबांनी बदलला, इथे खिळे कडक बसलेत, काढताना त्रास देणार. महिनाभर तो ह्या लाईनीकडे बघताना मान खाली घालत होता. आता निदान बघता येत होतं. पण आईने एक शब्द बोलायला हवा होता, रागाचा का होईना. रूळ गेल्याचं दुःख त्याने एकट्याने सोसलं असतं. आईच्या मनातून उतरून मात्र त्याला एकही खिळा काढता आला नसता.

गाढवाचं वळण आलं. त्याने सवयीने ब्रेक आवळला, ट्रॉली कण्हत वळली, आणि समोर सरळ पट्टा उघडला. खाली टोकाला पोसो सेकोचे दिवे लागत होते. मागे ओतिलियाने खोका घट्ट धरला. आता आईचं सुरू होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आईने हात पुढे केला आणि निबाल्दोच्या हातावर ठेवला, ब्रेकवर.

"धरलाय, आई," तो म्हणाला. "काळजी करू नकोस."

"सोड."

त्याला वाटलं, आपल्याला भास झाला. त्याने तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती आणि तिची हनुवटी वर होती.

"आई, उतार आहे."

"मला माहितेय उतार आहे. लग्न होऊन मी इथूनच आले. सोड म्हणते ना."

"दोन्या रोसेंदा," मागून वेन्सेस्लाओ म्हणाला, "तुम्ही जरा विचार..."

"वेन्सेस, गप बस," ओतिलिया आणि फ्लाको एकदमच म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं एकमत.

निबाल्दोने ब्रेक सोडला.

आधी काही झालं नाही. मग ठोके जवळ जवळ यायला लागले, मग इतके जवळ की वेगळे ऐकूच येईनात. हवा तोंडावर आली. फ्लाकोची टोपी गेली. ओतिलिया हसायला लागली, लहानपणी हसायची तशी, थांबता न येणारं. वेन्सेस्लाओ कुठल्यातरी संताला नावाने हाका मारत होता. आणि आई, जन्मभर "धर, धर" म्हणत आलेली आई, फळीला दोन्ही हातांनी धरून वाऱ्यात तोंड देऊन बसली होती. निबाल्दोने तिला असं कधी बघितलं नव्हतं. बाबांनी एकदाच बघितलं असेल.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल सुटला, क्षणभर खांद्याशी फडफडला आणि मागे उडून गेला.

निबाल्दोचा हात ब्रेकवर गेला. "थांबतो, आई. आणतो."

"राहू दे," आई म्हणाली. तिचे पांढरे केस सगळे मोकळे झाले होते. "तू रूळ काढत काढत वरून खाली येशीलच ना इथपर्यंत? तेव्हा सापडेल तुला. झटक, घडी घाल आणि घेऊन ये."

निबाल्दोने ब्रेकवरचा हात काढला. ट्रॉली घराकडे धावत होती आणि दिवे मोठे होत होते.

"आणतो, आई," तो म्हणाला.